आधी निदान, मग पाना

‘निदान’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. वैद्यकात त्याचा अर्थ रोगाचे मूळ कारण ओळखणे असा आहे. ‘माधवनिदान’ हा आयुर्वेदातील प्राचीन ग्रंथ याच विषयाला वाहिलेला आहे. घरगुती बोलण्यात मात्र निदान म्हणजे कमीत कमी. ‘निदान एकदा विचारून तरी पाहा’ असे म्हटले जाते ते या अर्थाने. जुन्या मोटारीचा स्वयंचलित गिअरबॉक्स बिघडला की हे दोन्ही अर्थ एकदमच कामाला येतात. ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल’ असे सांगून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. खोलण्यापूर्वी निदान तेलाची पट्टी ओढून पाहिली का, असे विचारणारे थोडे.

मैसूर शहराचे जुने भाग अजूनही मोहल्ल्यांच्या नावांनी ओळखले जातात. देवराज मोहल्ला, मंडी मोहल्ला, लष्कर मोहल्ला ही त्यांतली काही नावे. लष्कर हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. पुण्याच्या कॅम्पालाही जुनी पिढी लष्करच म्हणत असे. मैसूरच्या या लष्कर मोहल्ल्याजवळ अशोक रस्ता आहे, सेंट फिलोमिना चर्चचे उंच मनोरे आहेत आणि बाहेरगावच्या बसगाड्यांचे स्थानकही आहे. बस, रिक्षा, दुचाकी आणि मधूनच एखादा टांगा अशा गर्दीतून वाट काढणारी मोटार क्वचितच वरच्या गिअरमध्ये जाते. दसऱ्याच्या दिवसांत तर ती चालते असे म्हणणेही धाडसाचे ठरते. याच शहराच्या कडेला चामुंडीची टेकडी उभी आहे. शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ७७० मीटर, तर टेकडीची सुमारे १,०६० मीटर. म्हणजे सकाळी गर्दीत तासभर रांगलेली मोटार दुपारी पाहुण्यांना घेऊन जवळजवळ ३०० मीटरचा चढ चढते. स्वयंचलित गिअरबॉक्सला अंतराची फारशी भीती नसते. त्याला खरी झळ लागते ती उष्णतेची, आणि थांबत-थांबत चालणे व चढ चढणे या दोन्ही गोष्टींनी उष्णताच वाढते.

समजा, लष्कर मोहल्ल्यातील एका गॅरेजच्या दारात पंधरा वर्षांची, चार गिअरची एक स्वयंचलित मोटार येऊन उभी राहिली आहे. मालक सेवानिवृत्त आहेत. त्यांचा डावा गुडघा दुखतो, म्हणूनच त्यांनी क्लचचे पायटे नसलेली गाडी घेतली होती. त्यांची तक्रार एका वाक्याची आहे : ‘चढावर गाडी ओढत नाही, इंजिन नुसतेच ओरडते.’ गाडीला आज बाजारात फारशी किंमत येणार नाही. गिअरबॉक्स पूर्ण उतरवून नव्याने बांधायचा झाला, तर तो खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास किंवा त्याहून वर जाऊ शकतो. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करायचे, तर त्यासाठी गाडी तपासणीत उतरावी लागते, तो खर्च वेगळाच. निदान चुकले तर दोनपैकी एक गोष्ट होईल : चांगली गाडी भंगारात जाईल, किंवा वाचणार नसलेल्या गाडीवर मालकाची पुंजी खर्ची पडेल. डावा पाय अधू असलेल्या माणसाला अशी गाडी म्हणजे दवाखान्यापर्यंत स्वतःच्या बळावर जाण्याची सोय असते. त्यामुळे प्रश्न निव्वळ लोखंडाचा राहत नाही.

पहिली चौकशी गाडीच्या जातीची करावी लागते, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली भारतात वेगवेगळी यंत्रे विकली गेली आहेत. १९९० च्या दशकात मारुती झेन, होंडा सिटी यांसारख्या मोटारींच्या ज्या स्वयंचलित आवृत्त्या आल्या, त्यांत तेलाच्या दाबावर चालणारा गिअरबॉक्स होता. पुढे काही मोटारींत सीव्हीटी आला. त्यात ठरावीक गिअरच नसतात, पट्टा व कप्प्या असतात. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर एएमटी हा प्रकार आला. तो मुळात हाताने बदलायचा साधाच गिअरबॉक्स असून त्याचा क्लच आणि गिअर यंत्र चालवते. एएमटी गाडी गिअर बदलताना क्षणभर अडखळते, ती तिची सवयच आहे. तेलदाबाच्या गिअरबॉक्सने तसे अडखळणे हे मात्र दुखणे. पुढील सर्व विवेचन या तेलदाबाच्या गिअरबॉक्सविषयी आहे.

त्याची रचना थोडक्यात समजून घेतली की लक्षणे आपोआप अर्थपूर्ण होतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा गोल, तेलाने भरलेला डबा असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याची जागा तेलाने घेतलेली असते. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने विसाव्या शतकाच्या आरंभी ही युक्ती जहाजांसाठी शोधली. मोटारीत ती मोठ्या प्रमाणावर रुळली ती अमेरिकेत, जनरल मोटर्सच्या ‘हायड्रामॅटिक’मुळे, १९४० च्या सुमारास. कन्व्हर्टरच्या मागे दंतचक्रांचे संच असतात. मध्ये सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि बाहेर दातेरी कडे. यांपैकी कोणता भाग धरून ठेवायचा आणि कोणता मोकळा सोडायचा, यावर गिअर ठरतो. धरण्याचे काम घर्षणाच्या पातळ चकत्या करतात. त्या एकमेकींवर दाबल्या जातात तेलाच्या दाबाने. आणि कोणत्या चकत्यांना कधी दाब द्यायचा, हे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा वाटांचा एक चक्रव्यूह ठरवतो. जुन्या मोटारींत तो वेग आणि ॲक्सिलरेटरची केबल यांच्या इशाऱ्यावर चाले. पुढच्या मोटारींत हे इशारे छोटा संगणक सोलेनॉइडमार्फत देतो.

या सगळ्याचा आधार एकच : तेल. तेच शक्ती पोहोचवते, तेच दाब देते, तेच थंड करते आणि तेच वंगणही करते. तेलाचा पंप इंजिनाने फिरतो. म्हणून इंजिन बंद असताना आत दाब नसतो. स्वयंचलित गाडी ढकलून सुरू होत नाही याचे कारण हेच. आणि याच कारणाने बंद पडलेली अशी गाडी चालणारी चाके रस्त्यावर टेकवून दूरवर ओढत नेली, तर आतले भाग वंगणाविना फिरून खराब होतात. गॅरेजपर्यंत येतानाच आजार वाढल्याची उदाहरणे यामुळे घडतात. गाडी ट्रकवर चढवून आणावी, किंवा चालणारी चाके तरी उचलून आणावी.

आता मालकाच्या वाक्याकडे वळता येईल. मराठीत गाडीच्या तक्रारी सांगायला शब्दांची वाण नाही. गाडी ओढत नाही, उचल घेत नाही, दणका देते, हिसका मारते, थरथरते, गिअर पडत नाही, रेस वाढते पण गाडी पळत नाही. ऐकणाऱ्याला हे सारे शब्द सारखेच वाटतात, आणि तेथेच पहिली चूक होते. ‘ओढत नाही’ आणि ‘रेस वाढते पण पळत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात इंजिनच दमलेले असू शकते. दुसऱ्यात इंजिन जोमात आहे, पण त्याचा जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणजे आत कुठेतरी घसरण आहे. मैसूरच्या गॅरेजात तर ही तक्रार कन्नडमधून, दखनी उर्दूतून, तमिळमधून, कधी मराठीतून येते. भाषा कोणतीही असो, जाणता मेकॅनिक शब्द लिहून घेतो आणि मग विचारतो : हे कधी होते? सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना की तासभर चालल्यावर? चढावरच की सपाटीवरही? कोणत्या वेगाला? गाडी बंद करून पुन्हा सुरू केली तर नाहीसे होते का? अलीकडे कोणी गिअरबॉक्सचे तेल बदलले का, रेडिएटरचे काम केले का, बॅटरी काढली का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना माणसे थोडी संकोचतात, कारण दुसऱ्या गॅरेजात जाऊन आल्याचे सांगायचे नसते. पण त्यातच पुष्कळदा गुपित दडलेले असते.

आपल्या उदाहरणातील मालक सांगतात की त्रास गरम झाल्यावर होतो, चढावर आणि वळणावर अधिक होतो, आणि दणका असा कधी बसत नाही. एवढ्यावरून पाना हातात घेण्याचे कारण नाही. आता पाहायचे ते तेल.

तेल पाहणे हे सोपे काम समजले जाते, आणि ते सर्वांत जास्त वेळा चुकीचे केले जाते. इंजिनाचे तेल इंजिन बंद करून पाहतात. त्या सवयीने गिअरबॉक्सचेही तसेच पाहिले जाते. परंतु बहुतेक स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल गाडी चालवून गरम केल्यावर, सपाट जागी, हँडब्रेक ओढून व ब्रेक दाबून, गिअरदांडी प्रत्येक स्थानातून एकदा फिरवून, इंजिन चालू ठेवून पाहायचे असते. इंजिन बंद असेल तर कन्व्हर्टरमधले तेल खाली उतरते आणि पट्टीवर पातळी आहे त्याहून वर दिसते. तेल कमी असूनही पुरेसे भासते ते असे. उलट होंडाच्या बऱ्याच जुन्या मोटारींत गाडी गरम करून इंजिन बंद केल्यावर लगेचच, दीड मिनिटाच्या आत, पातळी पाहण्याची पद्धत आहे. काही मोटारींना पट्टीच नसते. तेथे गाडी उचलून बाजूचा बूच काढावा लागतो. कोणत्या गाडीला कोणती पद्धत, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या वेष्टनात पडून असते, हा आणखी एक चमत्कारिक भाग.

तेल कमी झाले की चढावर व वळणावर ते एका बाजूला सरकते, पंप तेलाबरोबर हवाही ओढतो, दाब पडतो आणि चकत्या घसरतात. मालकाच्या वर्णनाशी हे जुळते. गंमत अशी की तेल प्रमाणाबाहेर भरले तरी जवळजवळ हेच होते. फिरणारे भाग त्या तेलाला घुसळून फेस काढतात, आणि फेसाला दाब धरवत नाही. म्हणून ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा स्वयंपाकघरातला न्याय येथे चालत नाही.

पातळीइतकाच महत्त्वाचा तेलाचा रंग आणि वास. पट्टीवरचे तेल पांढऱ्या कागदावर टिपून घ्यावे. नवे तेल बहुधा तांबडे व पारदर्शक असते. जुने होताना ते तपकिरी होते, तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. ते काळे पडले असेल आणि त्याला करपल्याचा वास येत असेल, तर चकत्या जळल्याची ती खूण समजावी. तेल गुलाबी, दुधाळ, दक्षिणेत सरबताच्या दुकानांत मिळणाऱ्या रोझ मिल्कसारखे दिसत असेल, तर त्यात रेडिएटरमधले पाणी मिसळले आहे. पुष्कळ मोटारींत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच टाकीतून जाते. ती आतून फुटली की दोन्ही द्रव एकत्र होतात. हे दिसले तर गाडी त्याच जागी थांबवावी. पाण्याने चकत्यांवरील घर्षणाचा थर सुटू लागतो आणि चार दिवसांची दिरंगाई संपूर्ण गिअरबॉक्स घेऊन जाते. जुन्या मोटारीचा रेडिएटर वेळेवर बदलणे ही यावरची स्वस्तातली काळजी आहे.

तेल कमी निघाले तर ते गेले कुठे, हेही शोधले पाहिजे. गिअरबॉक्सचे तेल इंजिनाच्या तेलासारखे जळून कमी होत नाही. कमी झाले म्हणजे कुठून तरी गळाले. खालच्या तव्याची गॅस्केट, चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांची सीले, रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्यांचे सांधे ही त्याची नेहमीची ठिकाणे. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी डागावरून जागा कळते. गळती न थांबवता नुसते तेल भरत राहणे म्हणजे रोगाऐवजी तापाला औषध देणे.

भरायचे तेलही कोणतेही चालत नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या गिअरबॉक्ससाठी निरनिराळ्या प्रतीची तेले ठरलेली असतात आणि त्यांचे घर्षणाचे गुण वेगळे असतात. रंग सारखा म्हणून तेल सारखे असे मानून भरलेल्या डब्याने गाडी थरथरू लागल्याची तक्रार वारंवार येते. तेल बदलण्याविषयी आणखी एक वाद गॅरेजांतून नेहमी ऐकू येतो : जुने तेल काढले की गिअरबॉक्स मरतो म्हणे. यात तथ्याचा अंश इतकाच, की झिजून संपत आलेल्या चकत्या नव्या तेलाने बऱ्या होत नाहीत. त्या आठवडाभरात गेल्या तर दोष तेलावर येतो. तळाचा बूच काढून एका वेळी सगळे तेल निघतही नाही, बराच भाग कन्व्हर्टरमध्ये राहतो. वर्षानुवर्षे हात न लावलेल्या गिअरबॉक्समध्ये यंत्राच्या दाबाने तेल फिरवून साफ करण्यापेक्षा थोडे थोडे करून दोन-तीनदा बदलणे अधिक शहाणपणाचे.

तेल ठीक असेल, तर गिअरबॉक्सच्या बाहेरच आणखी बरेच पाहण्यासारखे असते. गिअर टाकताच ‘धाड’ असा दणका बसतो, ही तक्रार घ्या. इंजिन माउंटिंगची रबरे जुनी होऊन फाटली की इंजिन आपल्या जागी उडी मारते आणि मालकाला वाटते गिअरबॉक्स हिसका देतो. बॉनेट उघडून, ब्रेक घट्ट दाबून, एकाने दांडी डी आणि आर यांमध्ये हलवावी व दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती उसळते ते पाहावे. गाडीच्या पुढे मात्र कोणी उभे राहू नये. इंजिनाचा उभा वेग प्रमाणाबाहेर असला तरी असाच दणका बसतो. आणि इंजिनच दमलेले असेल, त्याच्या एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडत नसेल, तर गिअर चुकीच्या वेळी बदलल्यासारखे भासतात. केबलवर चालणाऱ्या जुन्या रचनेत ती केबल सैल असेल तर गिअर लवकर आणि सुस्तपणे बदलतात, घट्ट असेल तर उशिरा आणि जोराने. एवढीशी केबल नीट ताणून देण्याऐवजी गिअरबॉक्स उतरवला गेला, तर त्याला काय म्हणावे?

संगणकाच्या मोटारींत आणखी एक प्रकार फसवा असतो. आत काही विपरीत जाणवले की संगणक सर्व बदल थांबवून गाडी एकाच गिअरमध्ये ठेवतो. चार गिअरच्या अनेक मोटारींत तो तिसरा असतो. गिअरबॉक्स वाचावा आणि माणूस घरी पोहोचावा, यासाठी केलेली ती व्यवस्था आहे. पण चालवणाऱ्याला ते ठाऊक नसते. तिसऱ्या गिअरमध्येच सुटणारी गाडी सपाटीवर मंद वाटते आणि चामुंडीच्या चढावर तर जवळजवळ थबकते. तक्रार येते, ‘गाडी ओढत नाही.’ अशा वेळी डॅशबोर्डवर एखादा दिवा लागला आहे का किंवा डी अक्षर लुकलुकते आहे का, ते पाहावे. गाडी बंद करून सुरू केल्यावर काही वेळ सर्व गिअर नीट पडत असतील, तर दोष झिजेचा नसून विजेचा असण्याचा संभव अधिक. झिजलेली चकती किल्ली फिरवून दुरुस्त होत नाही.

विजेचे दोष बहुधा साधे असतात : उतरलेली बॅटरी, गंजलेली अर्थिंगची तार, ओलाव्याने हिरवट पडलेला कनेक्टर, उंदराने कुरतडलेली वायर. वेगमापकाचा काटा मधूनच पडत असेल आणि गिअरही त्याच वेळी चुकत असतील, तर वेग सांगणारा सेन्सर दोघांचाही गुन्हेगार असू शकतो. दांडी पी मध्ये असताना स्टार्टर फिरत नाही आणि एन मध्ये फिरतो, असे होत असेल तर दांडीची जागा सांगणाऱ्या स्विचकडे पाहावे. भारतात मोटारींना स्वतःचे दोष सांगणारी ओबीडी ही व्यवस्था २०१० पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. त्याआधीच्या पुष्कळ मोटारींत त्या त्या कंपनीची वेगळी पद्धत असते. यंत्र जोडल्यावर पी-०७०० हा अंक दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या संगणकाला काही सांगायचे आहे. खरे उत्तर पुढच्या अंकात असते : पी-०७१५ असेल तर आत येणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरची बाजू, पी-०७३० असेल तर गिअरचे गुणोत्तर चुकते आहे, म्हणजे घसरण. अंक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. सेन्सरचा अंक आला म्हणून सेन्सरच बदलला आणि दोष तारेत निघाला, असे पुष्कळदा घडते.

यानंतर गाडी रस्त्यावर न्यावी, आणि मालकाला बरोबर घ्यावे. त्याला जे जाणवते ते त्यानेच ‘हे बघा, आता’ असे म्हणून दाखवावे. पी मधून डी मध्ये टाकल्यावर गाडीने पकड घेण्यास किती वेळ लागतो? दोनाचा तीन होताना इंजिनाचा आवाज मध्येच वर चढतो का? एखादाच बदल चुकतो की सगळेच? एकच चुकत असेल तर त्या बदलाला जबाबदार असलेल्या चकत्यांपर्यंत किंवा सोलेनॉइडपर्यंत शोध आटोपतो. सगळेच चुकत असतील तर सर्वांना समान असलेल्या गोष्टी, म्हणजे तेल, पंप, गाळणी आणि मुख्य दाब, यांकडे बोट जाते. कोणत्या गिअरला कोणत्या चकत्या काम करतात याचा तक्ता दुरुस्तीच्या पुस्तकात असतो. ज्याला तो तक्ता वाचता येतो त्याला अर्धा गिअरबॉक्स न उघडताच दिसतो.

साठ-सत्तरच्या एकसारख्या वेगाला, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर ती कन्व्हर्टरमधल्या कुलपी क्लचची असू शकते किंवा इंजिनाची. दोन्ही हुबेहूब सारखी भासतात. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे वाहन नाही हे पाहून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकचे पायटे केवळ दिवा लागेल इतके हलके दाबावे. त्या इशाऱ्याने कुलूप सुटते. थरथर त्याच क्षणी थांबली तर शोध कन्व्हर्टरकडे न्यावा, चालूच राहिली तर स्पार्क प्लगकडे. या तपासणीला खर्च काहीच नाही, आणि उत्तरांतला फरक मात्र काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंतचा.

इंजिन पूर्ण वेगाने रेटून व ब्रेक दाबून ठेवून करायची ‘स्टॉल’ तपासणी मात्र नवशिक्याने स्वतःहून करू नये. चाकांना ओंडके लावावे लागतात, समोर माणूस असता कामा नये, आणि पाच सेकंदांहून अधिक काळ ती चालू ठेवली तर तेल उकळण्याइतके तापते. वेग ठरल्याहून वर गेला तर चकत्या घसरतात, खाली राहिला तर इंजिन किंवा कन्व्हर्टर कमकुवत, असा तिचा अर्थ. जेथे दाबाचा मापक जोडता येतो तेथे तो जोडणे अधिक सुरक्षित आणि अधिक बोलके.

इतके झाल्यावरच खालचा तवा उतरवावा. त्यात बसवलेल्या लोहचुंबकावर राखाडी, मऊ लेप जमलेला असतो. वर्षानुवर्षांच्या वापराची ती नैसर्गिक झीज आहे, त्यावरून कोणी गिअरबॉक्स बाद ठरवत असेल तर त्याला कारण विचारावे. चिमटीत टोचतील असे धातूचे कण निघाले तर दंतचक्रे किंवा बेअरिंग गेली. काळ्या कागदासारखे तुकडे निघाले तर चकत्या संपल्या. गाळणी काळ्या गाळाने बुजली असेल तर पंपाला तेल मिळत नव्हते, हे कळते.

आपल्या उदाहरणातील गाडीत पट्टीवर तेल खूपच कमी निघाले. रंग तपकिरी, करपल्याचा वास नाही. पुठ्ठ्यावरच्या डागाने उजव्या दांडीचे सील दाखवले. सील बदलून, योग्य प्रतीचे तेल भरून, गाडी चामुंडीच्या चढावर नेऊन पाहायची आणि उतरल्यावर पातळी पुन्हा तपासायची, एवढेच काम राहते. तेल काळे निघाले असते, तर मालकासमोर तीन वाटा असत्या : गिअरबॉक्स बांधून घेणे, भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचा आणून बसवणे, किंवा गाडी आहे त्या स्थितीत खरे सांगून विकणे. जुना गिअरबॉक्स आणून बसवणे स्वस्त असते, पण त्याचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो. तो घेण्यापूर्वी त्याचाही तवा उघडून चुंबक पाहावा, आणि विकणारा त्याला नकार देत असेल तर सौदा तेथेच सोडावा. बांधून घ्यायचा ठरल्यास कोणते भाग बदलणार याची यादी आधी लेखी घ्यावी आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. नव्या बांधणीनंतर संगणकाच्या मोटारींत पहिले काही दिवस गिअर थोडे ओबडधोबड पडतात, कारण संगणक नव्या चकत्यांची पकड हळूहळू शिकतो. हे काम करणाऱ्याने मालकाला आधीच सांगून ठेवले तर तो दुसऱ्याच दिवशी धास्तावून परत येत नाही.